अख्खा पट्टा टिपणारा रेडिओ

हौशी रेडिओचा २० मीटरचा पट्टा १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३५० किलोहर्ट्झ रुंद आहे. एका माणसाच्या बोलण्याला त्यातले सुमारे ३ किलोहर्ट्झ पुरतात, मोर्सच्या संदेशाला त्याहूनही कितीतरी कमी. साधा रिसीव्हर यांपैकी एकच संदेश निवडतो आणि बाकीचे गाळून टाकतो. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजेच एसडीआर, अख्खा पट्टा आकड्यांत उतरवतो. ते आकडे डिस्कवर साठवले, म्हणजे पट्ट्याचे मुद्रण केले, की कुठला संदेश ऐकायचा हे नंतर कधीही ठरवता येते.

त्यासाठी पट्ट्याच्या मध्याची एक वारंवारता ठरवतात आणि तिच्या संदर्भात दर क्षणाला आय व क्यू या दोन मूल्यांची नोंद होते. ही मूल्ये एकमेकांपासून ९० अंशांनी सरकलेली असतात, म्हणून मध्याच्या वरचा संदेश कुठला आणि खालचा कुठला हे ओळखता येते. सेकंदाला जितक्या जोड्या, साधारण तितके हर्ट्झ रुंदी मिळते. कडेचा थोडा भाग फिल्टरमुळे वाया जातो, म्हणून ३५० किलोहर्ट्झसाठी सेकंदाला ३,८४,००० जोड्या घेणे सोयीचे पडते.

दर मूल्याला १६ बिट धरले तर हा प्रवाह सेकंदाला १.५ मेगाबाइट, तासाला साडेपाच गिगाबाइट आणि ४८ तासांना सुमारे २६५ गिगाबाइट होतो. शून्यापासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा शॉर्टवेव्ह सेकंदाला ६ कोटी ४० लाख एकेरी नमुन्यांनी टिपायचा तर तासाला ४६० गिगाबाइट लागतात. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइटची असल्याने २० मीटरच्या मुद्रणातही दर पाऊण तासाला नवी फाइल सुरू करावी लागते. डिस्क मध्येच अडखळली तर नमुने गळतात आणि पुढची सगळी वेळ चुकते.

मुद्रणाचा दर्जा बिटांवर ठरतो. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबेलचा पल्ला मिळतो. टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या आणि २०१२ पासून एसडीआर म्हणून लोकप्रिय झालेल्या आरटीएल डाँगलमध्ये ८ बिट असतात, म्हणजे सुमारे ५० डेसिबेल. १४ बिटांच्या रिसीव्हरला हाच पल्ला ८५ च्या आसपास मिळतो. फरक पडतो तो जवळचे जोरदार केंद्र सुरू झाल्यावर. पल्ल्याबाहेरचा संदेश कापला जातो, त्यातून खोटे संदेश उमटतात आणि दूरचा क्षीण आवाज बुडतो. ही हानी नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही, त्यामुळे अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये त्या पट्ट्यापुरता फिल्टर लावतात आणि गेन, म्हणजे संदेश वाढवण्याचे प्रमाण, जरा हात राखून ठेवतात.

घड्याळही तितकेच महत्त्वाचे आहे. दशलक्षात एक भाग इतकी चूक असली तरी १४ मेगाहर्ट्झवर १४ हर्ट्झचा फरक पडतो. नेमक्या मोजमापासाठी रिसीव्हरला जीपीएसवर बांधलेली संदर्भ वारंवारता देतात. मध्य वारंवारता, नमुन्यांचा दर, सुरुवातीची यूटीसी वेळ, जागा आणि अँटेना यांची नोंद नसेल तर फाइल म्हणजे नुसती आकड्यांची रास. सिगएमएफ या पद्धतीत ही माहिती मुद्रणासोबतच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहितात.

अशा मुद्रणाचा एक उपयोग हौशी रेडिओच्या स्पर्धांच्या तपासणीत होतो. सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धा ४८ तास चालते, आणि एका स्पर्धकाने एका पट्ट्यावर एका वेळी एकाहून अधिक संदेश सोडण्यास तिथे मनाई आहे. तक्रार आली तर परीक्षकांना तो क्षण मुद्रणातून पुन्हा ऐकता येतो, लागलीच शेजारची वारंवारताही तपासता येते. मोर्स वाचणारे सॉफ्टवेअर त्याच फाइलमधून शेकडो संदेश एकदम उलगडते.

दुसरा उपयोग आयनांबराच्या, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या भागाच्या, अभ्यासाचा. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा हॅमसाय या हौशी रेडिओ आणि विज्ञान यांना जोडणाऱ्या गटाने प्रयोग आखले. त्यांत अशा रुंद मुद्रणांचाही समावेश होता. सावली पडली की आयनांबराचा खालचा, लहरी शोषणारा डी थर विरळ होतो आणि ८० व ४० मीटरवरचे संदेश अधिक दूर पोहोचू लागतात. वरचा एफ थरही क्षीण होत असल्याने २० मीटरवरची वर्दळ घटते. रुंद मुद्रणात पट्ट्यावरचे सगळेच संदेश एका घड्याळावर सापडतात, म्हणून अशा बदलाची सुरुवात, खोली आणि अखेर वेगवेगळ्या केंद्रांवरून ताडून पाहता येते.