‘शाश्वत विकास’ म्हणणाऱ्या उमेदवाराला काय विचारायचं?

खानापूर : नगरपंचायतीची निवडणूक आली की प्रचारपत्रकात ‘शाश्वत विकास’ हे शब्द हमखास दिसतात. उमेदवार आपल्याच गल्लीतला, रोजच्या ओळखीचा. त्यामुळे ‘म्हणजे नेमकं काय करणार?’ असं विचारायला लोक संकोचतात. पण लहान गावात हेच विचारणं सगळ्यात गरजेचं.

हे काम पंचायतीच्या हातात आहे का?
१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत : पाणी, कचरा, रस्ते, पथदिवे, उद्याने, स्मशानभूमी वगैरे. रेल्वे थांबा किंवा मोठा कारखाना आणणं नगरसेवकाच्या हातात नसतं. तो त्यासाठी फक्त पाठपुरावा करू शकतो.

पैसा कुठून येणार?
घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि सरकारी अनुदान हे मुख्य स्रोत. अनुदान आलं म्हणजे ते कुठेही खर्च करता येतं असं नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला. तेव्हा ‘सगळा निधी रस्त्यांना’ हे आश्वासन ऐकायलाच बरं.

पाण्याचं काय?
मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरजवळून पुढे वाहत जाते. नदी जवळ आहे म्हणून गाव निश्चिंत राहतं. पण साधा हिशेब बघा. १०० चौरस मीटर छपरावर १००० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी होतं. ते सगळं गटारीत जातं. नव्या बांधकामाला परवानगी देताना छपराचं पाणी जिरवण्याची अट घालणार का आणि ती पाळली जाते का हे कोण बघणार, हे विचारा.

बाजाराचं काय?
‘बाजारपेठ सुंदर करू’ म्हणताना भाजीवाल्या बायका कुठे बसणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच निवडलेले हवेत. त्यांना न विचारता उठवणं हा विकास नव्हे.

हिशेब कोण देणार?
३ लाख आणि त्यापेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांतच वॉर्ड समित्या घटनेने बंधनकारक आहेत. लहान गावाला तो आधार नाही. म्हणून वॉर्डात वर्षातून दोनदा बैठक घेऊन जमाखर्च वाचून दाखवणार का, तोही कन्नडसोबत मराठीत, हे आधीच कबूल करून घ्यावं. याला वेगळा निधी लागत नाही, इच्छा लागते.

गटार बांधलं, पण पाच वर्षांनी गाळ कोण काढणार? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्यालाच ‘शाश्वत’ शब्दाचा अर्थ कळला, असं मतदारांनी समजावं.