ईदसाठी मुर्ग मुसल्लम, ओव्हनशिवाय

मुसल्लम म्हणजे अख्खे. अमेरिकेत सणाला टर्की भाजतात, आपल्याला कोंबडी पुरते. पण कर्जत-खोपोलीच्या बाजारात चिकनवाला सवयीने कातडी ओढून काढतो, म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो : दीड किलोची, अख्खी, कातडीसकट. कातडी नसली की मांडी शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते.

दही, आले-लसूण, तिखट, मीठ आतबाहेर चोळून कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, कांद्याच्या चकत्या, वर कोंबडी. झाकण लावून मंद आचेवर सव्वा तास, मध्ये एकदा उलटावी. मांडीच्या सांध्याजवळ सुरी खुपसून बघा. पाणी गुलाबी आले तर अजून शिजवा, पाहुणे ताटकळले तरी चालेल. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस.

खरी चव मात्र बुडाला असते, आणि नेमके तेच पातेले घाईत घासायला जाते! कोंबडी काढून पंधरा मिनिटे मुरू द्या. तोवर वरचे जादा तेल काढून टाका, अर्धा कप गरम पाणी घाला आणि चिकटलेला मसाला लाकडी चमच्याने खरवडत उकळा. कांदा विरघळून रस दाटतो. आच बंद करून लिंबू पिळा. सोबत तांदळाची भाकरी.