इंजिन दम सोडतं तेव्हा

सकाळी 6.30. देवबागला कर्ली खाडीच्या काठाला होडी लागलेलीच होती. पावसाळा संपून हंगाम नुकता सुरू झालेला. पर्यटकांना फिरवणारी होडी, मागे 40 हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. तांडेल म्हणाला, "मेस्त्री, बंद पडणा नाय, पण दम सोडता."

स्पॅनरला हात लावण्याआधी मी विचारून घेतो. दम निघाल्याबरोबर जातो की थोड्या वेळाने? आवाज चढतो की उतरतो? रेस चढते पण होडी सरकत नाही, असं असेल तर पंख्याच्या आतला रबरी बुश घसरलेला असतो. इंजिन खोलायची गरजच नसते. इथे आवाजच उतरत होता, तोही फुल रेसला, पाच-सात मिनिटांनी. हळू चालवलं की परत सुरळीत. प्लग नवे घातलेले, कारब्युरेटर साफ करून आणलेला, फरक काही नाही. दुखणं कुठलंही असो, आधी कारब्युरेटर खोलायचा, ही आपल्याकडची रीत मला मुळीच पटत नाही.

7.30. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. गेज 110 च्या आसपास, दोघांत फरक जेमतेम पाच पौंडांचा. दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला असता तर गोष्ट रिंग-पिस्टनपर्यंत गेली असती. स्पार्क दोन्हीकडे निळा, कडक. पाण्याची धार जोरदार, म्हणजे इंजिन तापत असल्याचा संशयही कमी झाला. प्लगची टोकं मात्र पांढरट होती. पेट्रोल कमी पोहोचत असल्याची ती खूण.

9.00. खाडीत ट्रायल. काठावर रेस करून हा दोष सापडत नाही, भार लागतो. तांडेल सुकाणूवर, मी टाकीपाशी, पाइपमधला रबरी पंप मुठीत धरून. फुल रेस दिली. काही मिनिटांत मुठीतला पंप आत ओढला जाऊ लागला, चपटा झाला आणि त्याच क्षणी आवाज पडला. पंप चपटा होतो तेव्हा अडथळा टाकीच्या बाजूला असतो. टणक राहूनही दम गेला असता तर मी इंजिनावरचा फिल्टर आणि पेट्रोल पंपाचा पडदा पाहिला असता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. मग माझी टाकी तिच्या पाइपसकट जोडली. होडी सुसाट निघाली.

11.00. शेडमध्ये त्याच्या टाकीची जाळी काढून पाहिली, स्वच्छ. पाइप बाहेरून धडधाकट. लांबीत चिरला तेव्हा आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबत होतं. हळू चालताना पेट्रोल बाजूने निघून जाई. ओढ वाढली की अस्तर आडवं येई. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. त्यात पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलेलं.

दुपारी 3.00. नवा पाइप, पंपासकट, दोन्ही टोकांना क्लिप. पंपावरचा बाण इंजिनाकडे. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, लिटरला 20 मिली ऑइल. पुन्हा खाडीत, या वेळी अर्धा तास फुल रेस. प्लग काढून पाहिले तर रंग तपकिरीकडे झुकलेला. कॉम्प्रेशन सकाळइतकंच.

5.00. तांडेल होडी घेऊन गेला. एक गोष्ट मी त्याला दोनदा सांगितली, ती आउटबोर्ड चालवणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल अडलं की ऑइलही अडतं आणि पिस्टन कोरडा चालतो. म्हणून इंजिनाने दम सोडला तर रेस वाढवून ते ओढू नका. रेस कमी करा, रबरी पंप हाताने दाबत काठ गाठा आणि आधी पाइप बदला.