हार्ड डिस्कवरील माहितीची पुनःप्राप्ती

संगणकाला बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवरील फाइली नजरचुकीने पुसल्या गेल्यास, फाइल व्यवस्थेत बिघाड झाल्यास किंवा डिस्कला इजा पोहोचल्यास त्या परत मिळविण्याच्या तांत्रिक प्रक्रियेला माहितीची पुनःप्राप्ती म्हणतात. छायाचित्रे, संशोधनाच्या नोंदी, हिशेब, हस्तलिखिते इ. अनेक गोष्टी आता केवळ अंकीय स्वरूपातच अस्तित्वात असल्याने या प्रक्रियेस व्यवहारात मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. दिसेनाशी झालेली माहिती बहुधा लगेच नष्ट झालेली नसते. तिच्या जागी दुसरी माहिती लिहिली गेली म्हणजे ती नष्ट होते, या वस्तुस्थितीवर पुनःप्राप्तीची बहुतेक तंत्रे आधारलेली आहेत. म्हणूनच हानी लक्षात आल्यानंतर वापरणारा काय करतो आणि काय करण्याचे टाळतो, यावर यश पुष्कळ अंशी अवलंबून असते.

रचना व कार्य : हार्ड डिस्कचा पहिला व्यापारी नमुना आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये पुढे आणला. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर ५० लाख अक्षरचिन्हे साठविता येत. आजच्या खिशात मावणाऱ्या बाह्य डिस्कची साठवणक्षमता याच्या लक्षावधी पट असली, तरी मूलतत्त्व तेच आहे. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूच्या किंवा काचेच्या तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. तबकडी ठराविक वेगाने (लहान बाह्य डिस्कमध्ये सामान्यतः मिनिटाला ५,४०० फेरे) फिरत असते आणि एका भुजेच्या टोकावरील वाचन-लेखन शीर्ष तिच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. शीर्ष व तबकडी यांतील अंतर अवघे काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असते. मनुष्याच्या केसाची जाडी या अंतराच्या दहा हजार पटींहूनही अधिक असते. यावरून धुळीचा एखादा कणही डिस्कला किती घातक ठरू शकतो, याची कल्पना येते.

तबकडीवर समकेंद्री मार्गिका व मार्गिकांचे लहान खंड कल्पिलेले असतात. एका खंडात पूर्वी ५१२ बाइट माहिती मावत असे. अलीकडील डिस्कमध्ये हे प्रमाण ४,०९६ बाइट आहे. एखादी फाइल सलग खंडांतच असते असे नाही. तिचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असू शकतात आणि कोणते तुकडे कोणत्या क्रमाने जोडावयाचे, याची नोंद फाइल व्यवस्थेच्या सूचीत असते. ग्रंथालयातील तालिकापत्र व फडताळावरील ग्रंथ यांत जे नाते, तेच सूची व मजकूर यांत असते.

पुसण्याचा अर्थ : वापरणाऱ्याने फाइल पुसण्याची आज्ञा दिली असता संगणक सामान्यतः फाइलचा मजकूर खोडीत नाही, तो फक्त सूचीतील नोंद बदलतो. फॅट या जुन्या व अजूनही प्रचलित असलेल्या व्यवस्थेत फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक विशिष्ट खूण ठेवली जाते आणि तुकड्यांची साखळी दर्शविणाऱ्या नोंदी रिकाम्या केल्या जातात. एनटीएफएस या व्यवस्थेत मुख्य सूचीतील नोंद ‘वापरात नाही’ अशी चिन्हांकित होते. दोन्ही व्यवस्थांत मजकूर जागेवरच राहतो. मात्र ती जागा नव्या लेखनासाठी मोकळी समजली जाते. तालिकापत्र काढून टाकले, तरी ग्रंथ फडताळावरच असावा व ग्रंथपालाने ती जागा नव्या ग्रंथासाठी रिकामी धरावी, असा हा प्रकार होय.

या गोष्टीचा उपयोग करून पुसलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या आज्ञावली वैयक्तिक संगणकाच्या आरंभकाळापासूनच निघाल्या. पीटर नॉर्टन यांच्या नावाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आज्ञावलीसंचात अशी सोय होती. १९९१ मध्ये एमएस-डॉस प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

हानीचे प्रकार : हानी तार्किक व भौतिक अशा दोन प्रकारची असते. तार्किक हानीत यंत्र सुस्थितीत असते, परंतु सूची बिघडलेली, पुसलेली किंवा नव्याने आखलेली असते. संगणकाने काढण्याची अनुमती देण्यापूर्वीच बाह्य डिस्कची तार ओढल्यास सूचीचे लेखन अर्धवट राहते. पुढच्या वेळी ‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असा प्रश्न संगणक विचारतो. या प्रश्नास होकार देणे अनिष्ट होय. विंडोज प्रणालीतील द्रुत फॉरमॅटमध्ये नवी रिकामी सूची आखली जाते व जुना मजकूर बव्हंशी शिल्लक राहतो. परंतु व्हिस्टा व त्यानंतरच्या आवृत्त्यांतील पूर्ण फॉरमॅटमध्ये सर्व खंडांवर शून्ये लिहिली जातात आणि मजकूर कायमचा जातो.

काही वेळा हानी केवळ भासमान असते. अनेक संगणकांतून फिरणाऱ्या डिस्कवर एका प्रकारच्या संगणकीय विषाणूमुळे मूळ फोल्डर दडविले जातात व त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसू लागतात. अशा वेळी डिस्कवरील व्यापलेली जागा पूर्वीइतकीच दिसते. फाइली शाबूत असल्याचे ते लक्षण होय. त्याचप्रमाणे बाह्य हार्ड डिस्कवर कचरापेटीचा एक दडविलेला कप्पा असतो. पुसलेली फाइल पुष्कळदा तेथेच आढळते.

भौतिक हानीत यंत्राचाच एखादा भाग निकामी होतो. डिस्क खाली पडल्याने शीर्ष तबकडीवर आदळणे वा तिला चिकटून बसणे, चुकीचा वीजपुरवठा जोडल्याने मुद्रित मंडल जळणे, जोडणीची खोबण सैल होणे ही त्याची सामान्य कारणे आहेत. डिस्कमधून लयबद्ध टकटक असा आवाज येणे हे बहुधा शीर्षे निकामी झाल्याचे चिन्ह असते. अशी डिस्क चालू ठेवल्यास तुटलेले शीर्ष चुंबकीय थर खरवडून काढते व जी माहिती एरवी मिळाली असती, तीही नाहीशी होते.

पुनःप्राप्तीच्या पद्धती : तार्किक हानीत पहिली पायरी म्हणजे डिस्कवरील सर्व लेखन तत्काळ थांबविणे. पुनःप्राप्तीची आज्ञावली त्याच डिस्कवर उतरविणे किंवा सापडलेल्या फाइली तेथेच साठविणे ही नेहमी घडणारी चूक आहे. तिच्यामुळे शोधावयाच्या मजकुरावरच नवे लेखन होण्याचा संभव असतो. सूचीतील दोष आपोआप दुरुस्त करणारी आज्ञावलीही आधी चालवू नये, कारण ती सूचीत बदल करते.

दुसरी पायरी म्हणजे डिस्कची खंडशः संपूर्ण प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या डिस्कवर घेणे. जीएनयू डीडीरेस्क्यू ही विनामूल्य आज्ञावली प्रथम सहज वाचता येणारे भाग उतरवून घेते, खराब भागांची टिपणी ठेवते व शेवटी त्यांकडे वळते. त्यामुळे दुबळ्या झालेल्या डिस्कवर कमीत कमी ताण पडतो. यापुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावयाचे असतात. मूळ डिस्क बाजूला ठेवली जाते.

तिसऱ्या पायरीत सूचीचे अवशेष शोधून फाइली त्यांच्या नावांसह परत मिळविण्याचा प्रयत्न होतो. विभाजनांची हरवलेली आखणी टेस्टडिस्क यासारख्या आज्ञावलीने पुन्हा उभारता येते. सूची पूर्णपणे गेली असल्यास मजकुराच्या खुणांवरून फाइली ओळखतात. उदा., जेपेग छायाचित्राचा आरंभ व शेवट ठराविक बाइटांनी होतो आणि पीडीएफ फाइलच्या प्रारंभी तिचे प्रकारनाम असते. फोटोरेक ही आज्ञावली अशा खुणा डिस्कभर शोधते. या पद्धतीत फाइलींची मूळ नावे व त्यांची फोल्डरनिहाय मांडणी मिळत नाही आणि विखुरलेली फाइल पुष्कळदा अपुरी मिळते.

भौतिक हानीत डिस्क उघडणे आवश्यक ठरले, तर ते काम धूलिकणविरहित कक्षातच करावे लागते. तेथे त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कमधील शीर्षे बसवून माहिती उतरवून घेतात. केवळ मुद्रित मंडल बदलून भागत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या जुळणीचे खास आकडे मंडलावरील स्मृतीत असतात. तेही नव्या मंडलावर न्यावे लागतात. काही बाह्य डिस्कमध्ये माहितीचे सांकेतिकीकरण वेष्टनातील मंडलातच होते. अशी डिस्क वेष्टनातून काढून सरळ संगणकाला जोडल्यास मजकूर अर्थहीन दिसतो. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा. तबकडीवर दव धरून हानी वाढते.

कोलंबिया यानाचे उदाहरण : १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकन अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंग पावले व कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. क्रांतिक बिंदूजवळील झेनॉन वायूच्या श्यानतेचा प्रयोग या यानात करण्यात आला होता. त्याची काही माहिती उड्डाणाच्या काळातच पृथ्वीवर पाठविली गेली होती, उरलेली सु. ४०० मेगाबाइट क्षमतेच्या एका हार्ड डिस्कवर होती. ही डिस्क पुढे अवशेषांत जळालेल्या अवस्थेत सापडली. तिच्यात धूळ शिरली होती, परंतु तबकड्यांचा माहिती असलेला भाग बचावला होता. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेच्या तंत्रज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रणेत बसविल्या आणि सु. ९९ टक्के माहिती मिळविली. प्रयोगाच्या संगणकावर डॉस ही जुनी प्रणाली असल्याने फाइली फारशा विखुरलेल्या नव्हत्या, याचाही उपयोग झाला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा : एकदा पूर्णपणे अधिलेखन झालेला मजकूर आधुनिक हार्ड डिस्कवरून व्यवहारात परत मिळत नाही. चुंबकीय तबकडीऐवजी अर्धसंवाहक स्मृती असलेल्या एसएसडी प्रकारच्या साठवण साधनात पुसण्याबरोबरच ‘ट्रिम’ नावाची आज्ञा दिली जाऊ शकते. मग साधन ती जागा स्वतःच रिकामी करते व पुनःप्राप्तीची आशा फारच कमी उरते. मार्गिका एकमेकींवर कौलांप्रमाणे अंशतः चढविलेल्या काही नव्या बाह्य हार्ड डिस्कांतही ही आज्ञा आढळते. सांकेतिकीकरणाची किल्ली गमावली, तर यंत्र धडधाकट असूनही माहिती वाचता येत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. युनिकोड पद्धती रूढ होण्यापूर्वी मराठी पुस्तके व नियतकालिके यांची अक्षरजुळणी निरनिराळ्या खाजगी फाँटांत होत असे. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसविलेली असत. अशी जुनी फाइल परत मिळाली, तरी तो फाँट संगणकावर नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि फाइल बिघडली असे समजून ती टाकून दिली जाण्याचा धोका असतो. वस्तुतः मजकूर शाबूत असतो. योग्य फाँट किंवा रूपांतर करणारी आज्ञावली मिळाल्यास तो वाचता येतो.

गोपनीयता : पुसलेले परत मिळते, ही गोष्ट काही वेळा धोकादायकही ठरते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सिम्सन गारफिंकेल व अभी शेलट यांनी बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क मिळवून केलेले परीक्षण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ व्यवस्थित पुसलेल्या होत्या. इतर डिस्कवर पत्रव्यवहार, वैद्यकीय मजकूर व क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक आढळले. म्हणून डिस्क विकताना वा टाकून देताना संपूर्ण अधिलेखन करणे अगत्याचे असते.

प्रतिबंध : पुनःप्राप्ती खर्चिक व अनिश्चित असल्याने माहितीच्या एकाहून अधिक प्रती ठेवणे हाच खरा उपाय होय. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असा संकेत यासाठी रूढ आहे. संगणकावरील फाइली बाह्य डिस्कवर हलवून मूळ जागेवरून काढून टाकल्यास ती डिस्क दुसरी प्रत न राहता एकमेव प्रत बनते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घेतलेली प्रत अधूनमधून उघडून पाहणेही तितकेच आवश्यक आहे. १९९८ मध्ये टॉय स्टोरी २ या अमेरिकन चित्रपटाच्या निर्मितीच्या वेळी एका चुकीच्या आज्ञेने बरेचसे काम पुसले गेले, तेव्हा राखीव प्रत सदोष असल्याचे आढळून आले. एका तंत्रज्ञ महिलेने घरून काम करण्यासाठी नेलेल्या प्रतीवरून ते काम परत मिळविण्यात आले.