दुसऱ्या बाजूला काय लावलं होतं?

सोरायसिसच्या चट्ट्यांवर कोरफडीचं जेल लावलं आणि महिन्याभरात खवले कमी झाले, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवावा. पण ते कोरफडीमुळेच कमी झाले का, हे त्यावरून कळत नाही.

१९९६ साली ६० रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना अर्धा टक्का कोरफडीचा अर्क घातलेलं क्रीम दिलं, उरलेल्यांना अर्काशिवायचं. अर्कवाल्या ३० जणांपैकी २५ बरे झाले, दुसऱ्या गटातले अवघे दोन. कोणत्याही रुग्णाला आशा वाटावी असेच हे आकडे होते.

पुढे २००५ मध्ये डेन्मार्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बाजारात मिळणारं कोरफडीचं जेल तपासलं. सौम्य ते मध्यम सोरायसिसचे ४१ रुग्ण घेतले. आधी दोन आठवडे त्यांची नेहमीची मलमं बंद ठेवली. मग एकाच माणसाच्या एका बाजूच्या चट्ट्यांवर कोरफडीचं जेल आणि दुसऱ्या बाजूला कोरफड नसलेलं, दिवसातून दोनदा, चार आठवडे. कोणत्या बाजूला काय आहे, हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. ही रचना मला फार मोलाची वाटते. हवा, ताण, खाणंपिणं, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच. फरक फक्त अर्काचा. लाली, जाडी आणि खवले यांना गुण देऊन बेरीज केली. कोरफडीच्या बाजूला ७२.५ टक्के ठिकाणी सुधारणा दिसली. साध्या जेलच्या बाजूला ८२.५ टक्के!

जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं. त्याने कातडीला थंडावा मिळतो, ओलावा टिकतो, खवले मऊ पडतात. त्यात सोरायसिस आपणहूनही वाढतो आणि ओसरतो. म्हणूनच जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो पुरावा ठरत नाहीत.

मग पहिली चाचणी खोटी ठरते का? तसं म्हणता येणार नाही. दोन्ही चाचण्यांतली औषधं एक नव्हती. कोरफडीच्या गरातले घटक झाडाचं वय, हंगाम आणि प्रक्रिया यांनुसार बदलतात. सालीखालचा पिवळा चीक गरात उतरला तर कातडीची आग होऊ शकते. म्हणून कोणताही वनस्पती-अर्क तपासण्याआधी त्यातला एखादा ठरावीक घटक मोजून प्रत्येक घाण्यात तो सारखा असल्याची खात्री करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

गुण फारच झटपट आला तर आणखी एक तपासणी हवी: त्यात दुसरं औषध मिसळलेलं नाही ना? लंडनच्या डॉक्टरांनी त्वचाविकारांसाठी दिल्या जाणाऱ्या ११ चिनी वनौषधी मलमांचं पृथक्करण केलं. ते १९९९ साली छापून आलं. त्यांतल्या आठ मलमांमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं.