चेटकिणींचं गाव आणि वीस दगडी बाकं

अमेरिकेत बोस्टनला जाणं झालं, आणि तेही ऑक्टोबरात, तर एक दिवस सेलमसाठी राखून ठेवा. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे समुद्रकाठचं जुनं गाव बोस्टनपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडली की अर्ध्या तासात आपण सेलमला. गाडी घेऊन जायच्या फंदात मात्र पडू नका. त्या महिन्यात तिथे गाडी उभी करायला जागा मिळणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर जागा मिळण्यासारखं!

मी गेल्या वर्षी मुलीबरोबर गेले होते. वाटेत मेपलची झाडं लाल-केशरी झाली होती, हवेत बोचरी थंडी होती. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि जत्राच सुरू झाली. टोकदार काळ्या टोप्या, खराटे, रंगवलेले चेहरे, लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे चेटकिणीच्या वेशात. १९८२पासून इथे ऑक्टोबरात हा उत्सव भरतो आणि अलीकडे त्या एका महिन्यात दहा लाखांहून अधिक माणसं येतात. गावानंही ही ओळख हौसेनं मिरवली आहे. पोलिसांच्या बिल्ल्यावर खराट्यावर बसलेली चेटकीण आहे. शाळेच्या संघाचं नावही ‘विचेस’ म्हणजे चेटकिणीच. एका चौकात तर ‘बिविच्ड’ या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या नायिकेचा पुतळा उभा आहे.

ही सगळी गंमत ज्या घटनेवर उभी आहे, ती मात्र गमतीची नाही.

गोष्ट १६९२ सालची. सेलमजवळ ‘सेलम व्हिलेज’ नावाची शेतकऱ्यांची वस्ती होती. आज तिला डॅनव्हर्स म्हणतात. तिथले धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची अचानक विचित्र वागू लागल्या. किंचाळायच्या, अंग वेडंवाकडं करायच्या, कोणी चिमटे काढतंय म्हणून ओरडायच्या. औषधानं गुण येईना, तेव्हा निदान झालं की हे चेटूक आहे. चेटूक आहे म्हणजे करणारी कोणीतरी असणारच! मुलींवर दबाव आला आणि तीन नावं पुढे आली. एक होती पॅरिस यांच्या घरातली गुलाम स्त्री तितुबा, दुसरी दारोदार मागून खाणारी सारा गुड, तिसरी आजारपणामुळे चर्चला न जाणारी सारा ऑसबर्न. ज्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं, अशा तिघी.

तो काळही मोठ्या धास्तीचा होता. सरहद्दीवर मूळ रहिवाशांशी आणि फ्रेंचांशी लढाया चालू होत्या, तिथून पळून आलेली माणसं भागात होती. वसाहतीची जुनी सनद रद्द झाली होती. गावात जमिनीवरून आणि धर्मोपदेशकाच्या पगारावरून तट पडले होते. अशा वेळी संशय वणव्यासारखा पसरतो. वर्षभरात दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. त्यांत सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीही होती. तिला कित्येक महिने बेड्या घालून तुरुंगात ठेवलं होतं.

आता तुम्ही विचाराल, कोर्टात पुरावा काय होता? ‘अमकीची छाया माझ्याजवळ आली आणि तिनं माझा गळा दाबला’, हा पुरावा! ती छाया फक्त आरोप करणारीलाच दिसायची. आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरात झोपलेली असली तरी उपयोग नाही, कारण आली होती ती छाया. असा पुरावा खोडायचा तरी कसा?

रिबेका नर्स या एकाहत्तर वर्षांच्या आजींचं उदाहरण घ्या. धर्मनिष्ठ, लेकुरवाळ्या. जवळजवळ चाळीस शेजाऱ्यांनी त्यांच्या चांगुलपणाबद्दल सह्या करून अर्ज दिला होता. पण शेजाऱ्याची डुकरं शेतात शिरली म्हणून त्या एकदा त्याला बोलल्या होत्या आणि पुढे तो आजारी पडून वारला होता. ते बोलणंही त्यांच्याविरुद्ध मांडलं गेलं. ज्यूरींनी आधी त्यांना निर्दोष ठरवलं, तर आरोप करणाऱ्या मुलींनी कोर्टात आकांत मांडला. न्यायाधीशांनी ज्यूरींना पुन्हा विचार करायला लावलं. आजींना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांना विचारलेल्या एका प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही. निकाल फिरला. १९ जुलै १६९२ रोजी त्यांना फाशी दिलं.

एकूण एकोणीस जणांना फाशी झाली. त्यांत चौदा स्त्रिया होत्या आणि पाच पुरुष. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरी यांनी त्या कोर्टापुढे खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, म्हणून त्यांना जमिनीवर झोपवून अंगावर दगड रचत रचत मारलं. किमान पाच जण तुरुंगात मेले. सेलममध्ये चेटकिणींना जाळलं, असं पुष्कळांना वाटतं. तिथे जाळलं कोणालाच नाही. इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला शिक्षा फाशीची होती.

आणि आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. ‘होय, मी चेटूक केलं’ असं ज्यांनी कबूल केलं, पन्नासच्या आसपास लोकांनी केलं, आणि जे त्या कबुलीवर ठाम राहिले, त्यांतल्या एकालाही फाशी झाली नाही. फासावर गेले ते नाकारणारे. खोटं बोललं असतं तर जीव वाचला असता. पण खोटं बोलून आपला आत्मा गमवायचा नाही, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणजे ज्यांच्या नावानं हे ‘चेटकिणींचं गाव’ झालं, ते सगळे ‘मी चेटकीण नाही’ एवढंच सांगत मेले.

ऑक्टोबर १६९२मध्ये बोस्टनच्या मोठ्या धर्मोपदेशकांनीच छायेच्या पुराव्यावर आक्षेप घेतला. आरोपही आता वरच्या घराण्यांपर्यंत पोहोचले होते. गव्हर्नर फिप्स यांनी ते खास कोर्ट बरखास्त केलं. नव्या कोर्टानं छायेचा पुरावा बाजूला ठेवला, आणि बहुतेक सगळे सुटले! सुटले तरी तुरुंगातल्या मुक्कामाचा खर्च भरल्याशिवाय बाहेर सोडत नसत, तो भाग वेगळा. १६९७मध्ये सॅम्युएल स्युअल या न्यायाधीशांनी चर्चमध्ये सर्वांसमोर उभं राहून आपला दोष मान्य केला. बाकीच्या न्यायाधीशांपैकी कोणी असं केलं नाही.

त्यांतले एक, जॉन हॅथॉर्न, सेलमच्या चार्टर स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीत आहेत. प्रसिद्ध कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न हे त्यांचे खापरपणतू. या पूर्वजाशी नातं नको म्हणून त्यांनी आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं, असं सांगतात. दफनभूमीला लागूनच १९९२ साली उभारलेलं स्मारक आहे. दगडी भिंत, आणि भिंतीतून पुढे आलेली ग्रॅनाइटची वीस बाकं. प्रत्येकावर एक नाव, मृत्यूची तारीख आणि मृत्यू कसा आला ते. आत शिरताना पायाखालच्या फरशीवर त्या माणसांचे शब्द कोरले आहेत, आम्ही निर्दोष आहोत असं सांगणारे. वाक्यं मध्येच भिंतीखाली गडप होतात. न्यायाधीशाला थडगं मिळालं, या विसांपैकी तिथे कोणीही पुरलेलं नाही. फाशी नेमकी कुठे दिली तेसुद्धा संशोधकांनी २०१६ साली नक्की केलं. ती प्रॉक्टर्स लेज नावाची जागा घरांच्या वस्तीत आहे, तिथेही आता छोटं स्मारक आहे.

बाहेर जत्रेचा गोंगाट चालू होता. आत माणसं आपोआप हळू बोलत होती. कोणी बाकावर फुलं ठेवली होती. मुलगी म्हणाली, “आई, आपल्याकडे हे अजून संपलेलं नाही, नाही का?”

खरं होतं तिचं. सातपुड्याच्या पाड्यांमध्ये बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. मराठवाड्यातल्या भानामतीच्या हकिगतींतही घरातल्या मुलीबाळी किंचाळू लागतात आणि गाव शोधतं ते ‘करणाऱ्याला’. त्रास खरा असतो, म्हणून त्यावरून घेतलेलं नावही खरं मानलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं हाच त्या कायद्यानं गुन्हा आहे.

सेलमची शेवटची फाईल मात्र फार उशिरा बंद झाली. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या तरुणीला १६९३मध्ये फाशीची शिक्षा झाली होती. ती फासावरून वाचली, पण कागदावर दोषीच राहिली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी झगडणारे वंशजही नव्हते. जवळच्या नॉर्थ अँडोव्हर गावातल्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर कागदपत्रं धुंडाळली, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२मध्ये तिचं नाव निर्दोषांच्या यादीत आलं. शिक्षेनंतर ३२९ वर्षांनी. नागरिकशास्त्राच्या तासाला ती मुलं हे काम करत होती.