पटावर नसलेले विद्यार्थी

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. आवार कसे लख्ख! पाचोळ्याचे एक पान दिसेल तर शपथ. मी मुलांना विचारले, “इथे फुलपाखरे किती येतात रे?” एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, “येत न्हाईत, सर. कढीलिंबावर अळ्या मात्र लई होतात. आम्ही रोज वेचून मारतो.”

आता या मुलाला दोष कसा द्यावा? अळी म्हणजेच उद्याचे फुलपाखरू, हे पुस्तकात होते. झाडावर कोणी दाखवले नव्हते.

आपण फुलझाडे लावतो आणि फुलपाखरांची वाट पाहतो. पण फुलातला मध हे झाले मोठ्यांचे खाणे. पोरांना पान लागते, आणि तेही ठरावीक झाडाचेच. कढीलिंब आणि लिंबू यांवर काही जातींच्या अळ्या वाढतात, रुईवर दुसऱ्याच. महाराष्ट्राने २०१५ साली जिला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या राणी पाकोळीची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांवरच पोसते. तेव्हा कढीलिंबाचे एक झुडूप अळ्यांच्या नावाने सोडून द्यावे. त्याचा लाभ चिमणीलाही होतो. ती स्वतः दाणे टिपते, पण पिलांना मात्र किडे-अळ्याच भरवते.

पाचोळ्याचेही तसेच. तो जाळला की त्यातले किडे गेले, आणि तो उलथून किडे शोधणारे सातभाईही गेले. गुरुजी म्हणतील, “पाचोळ्यात साप-विंचू आले तर?” शंका रास्त आहे. म्हणून वर्गांपासून दूर, कुंपणाकडेचा एकच कोपरा राखावा. तिथे दगडविटांचा ढीग नको. मुलांनी लांबूनच पाहावे, हात घालू नये.

पाण्यासाठी मातीचे उथळ परळ पुरे. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदलावे आणि परळ घासावे, म्हणजे डासांची पैदास होत नाही.

आणि एक वही घालावी. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, पाव तास बसून काय आले ते मुलांनी लिहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग लिहावा, चोच कशी ते लिहावे. काही आले नाही तर तेही लिहावे! महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालीम अलींच्या. वहीचा आरंभ त्या आठवड्यात करता येईल.

शेवटी एक गोष्ट विसरू नका, बरं का. पाण्याची खरी गरज मे महिन्यात, आणि शाळेला सुटी नेमकी तेव्हाच. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या एप्रिलमध्येच लावून द्या. पटावर नसलेल्या या विद्यार्थ्यांना सुटी नसते.